खोटी सही नाकारली, आता ऑफिसात सगळे टोमणे मारतात

प्रश्न: मी विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती आहे. साहेब म्हणाले टेस्ट न करताच मागची तारीख टाकून रिपोर्टवर सही कर, मी नाही म्हटलं, तेव्हापासून टीममध्ये "आले पास्टर" सुरू झालंय आणि मीटिंगलाही बोलवत नाहीत. नोकरी सोडू का?

उत्तर १: लगेच सोडू नका हो. बायबलमधला दानीएलचा ६ वा अध्याय वाचा, तो राजाचा अधिकारी होता, त्याच्या कामात खोट सापडेना म्हणून विरोधकांना त्याच्या प्रार्थनेवरच बंदी आणावी लागली. म्हणजे आधी काम चोख. आणि साहेबांना मेल टाका, "टेस्ट झाली की लगेच सही करतो", एवढंच, उपदेश नको.

उत्तर २: मेलचं पटलं. पण एक सांगू का, आपल्यातलेच काही जण कामात ढिले असतात, उशिरा येतात आणि कोणी बोललं की छळ होतोय म्हणतात, १ पेत्र ४:१५ (वाईट वागून दुःख भोगू नका) त्यांच्यासाठीच आहे. तुमचं तसं नाहीये, तुम्ही खरंच बरोबर केलंत.

उत्तर ३: टोमणे मारणाऱ्यांशी बोलणं तोडू नका, त्यातलं कोणी आजारी पडलं तर त्याचं काम आपणहून घ्या, बऱ्याने वाईटाला जिंका, रोम १२:२१ हेच सांगतं. सही मात्र कोणी कितीही मागे लागू दे, करू नका, उद्या चौकशी लागली तर कागदावर नाव तुमचंच असणार.