अणुघड्याळ : अचूक, काटेकोर की स्थिर?

प्रश्न : 'अ‍ॅक्युरेट' आणि 'प्रिसाइज' दोन्हींना मराठीत सरसकट 'अचूक' लिहितात. अणुघड्याळाबद्दल (अणूंच्या ठरावीक आवर्तनांवर वेळ मोजणाऱ्या घड्याळाबद्दल) लिहिताना ते चालेल का?

— नाही चालणार. अचूक म्हणजे खऱ्या मूल्याला धरून असलेले. काटेकोर म्हणजे कितीदाही मोजा, उत्तर तेवढेच. रोज बरोबर ५ मिनिटे पुढे असणारे भिंतीवरचे घड्याळ काटेकोर आहे, अचूक नाही. (आणि कृपया 'परमाणू घड्याळ' नको. तो हिंदीतला शब्द. मराठीत अ‍ॅटम म्हणजे अणूच.)

— तिसरा शब्द राहिला, 'स्थिर'. हायड्रोजन मेसर (हायड्रोजनच्या अणूंतून निघणाऱ्या सूक्ष्मलहरींवर चालणारे घड्याळ) काही तासांपुरता अतिशय स्थिर, पण आठवडे-महिने गेले की त्याची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तने, हळूहळू सरकते. सीझियमच्या कारंज्याचे (सीझियमचे थंड अणू वर उडवून त्यांची वारंवारता मोजणाऱ्या घड्याळाचे) उलटे. एकेका मोजणीत चढउतार जास्त, पण कित्येक दिवसांची सरासरी घेतली की व्याख्येतल्या सेकंदाला, म्हणजे ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांना, ते घट्ट धरून असते. म्हणून टिकटिक मेसरची आणि लगाम सीझियमचा. मेसरलाच 'अचूक' म्हटले तर कारंजे कशाला ठेवलेय, हे वाचकाला कळणार कसे?

— 'चूक' शब्दही जपून वापरा. अमेरिकेतले बोल्डर, जिथे अणुघड्याळांची प्रयोगशाळा आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५० मीटर उंच. तिथले घड्याळ गुरुत्वामुळे समुद्रसपाटीवरच्या घड्याळापेक्षा ५ लाख कोटी भागांत सुमारे १ भाग जलद चालते. ही चूक नव्हे, माहीत असलेला फरक. तो वजा करतात. सगळे फरक वजा करूनही जी शंका उरते, ती अनिश्चितता. '३० कोटी वर्षांत १ सेकंद चुकते' या मथळ्यातला आकडा तिचाच : वर्षात सुमारे ३ कोटी १५ लाख सेकंद, गुणिले ३० कोटी, म्हणजे सुमारे १० चा १६ वा घात इतक्या सेकंदांत १ सेकंद.

— मग स्ट्रॉन्शियमच्या प्रकाशीय घड्याळाला (सूक्ष्मलहरींऐवजी प्रकाशाची आवर्तने मोजणाऱ्या घड्याळाला) काय म्हणायचे? त्याची अनिश्चितता १० च्या उणे १८ व्या घाताच्या आसपास; घड्याळ १ सेंटीमीटर उचलले तरी फरक दिसावा इतकी कमी.

— 'अत्यंत काटेकोर' म्हणा. सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सीझियमवर आहे. त्यामुळे स्ट्रॉन्शियमची वारंवारता हर्ट्झमध्ये सांगायची तर सीझियमची अनिश्चितता तिला चिकटतेच. व्याख्या बदलेपर्यंत 'सीझियमपेक्षा अचूक सेकंद' हा शब्दप्रयोग अर्थाच्या दृष्टीने लंगडाच.