मदत हवी आहे: कॉयरची ऑडिशन आणि स्टाफ नोटेशन

नमस्कार मंडळी. मास्टर्ससाठी नुकतीच इंग्लंडला आले आहे. विद्यापीठाच्या कॉयरची (समूहगायनाच्या गटाची) ऑडिशन दहा दिवसांवर आलीय. प्रत्यक्ष जा किंवा रेकॉर्डिंग पाठवा. आठ वर्षं हिंदुस्थानी शिकले, पट्टी काळी चार, म्हणून अल्टोत (बायकांच्या खालच्या आवाजाच्या गटात) नाव दिलंय.

पियानोवर वाजवलेली ओळ लगेच म्हणते, पण स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचे ठिपके, बघून गाता येत नाही. डो-रे-मी या पाश्चात्त्य सरगमच्या मूव्हेबल डो पद्धतीत 'डो' आपल्या 'सा'सारखाच हलतो, मग मनात सरगम लावून वाचायची सवय करू का? दुसरं, 'ग'वरून 'रे'वर येताना मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघतेच. सगळ्यांत मिसळायचं तर ती कशी थांबवायची?

रेकॉर्डिंगमध्ये कदाचित वाचन टळेल, पण मला तिथे उभं राहून गायचंय. कुणी यातून गेलंय का? रोज नेमका काय रियाज केलात?