मदत हवी आहे: नदीवरचा जुना पूल पाडून नवा होतोय, नकाशा पक्का होण्याआधी लोकांना कसं विचारायचं?

नमस्कार मंडळी,

मी खानदेशातल्या एका नगरपालिकेच्या गावात राहतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कुणावर बोट ठेवायचं नाही. काम नीट व्हावं, एवढीच इच्छा आहे.

गावाच्या मधून नदी जाते. अलीकडे पेठ, भाजीबाजार आणि सरकारी दवाखाना, पलीकडे हायस्कूल, कापसाची जिनिंग आणि नव्या कॉलन्या. मधला दगडी पूल आता थकलाय. जड गाड्या जाऊ नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी कमान लावली आहे. तो पाडून तिथेच नवा बांधायचं चाललंय आणि त्याला गावात कुणाचाही विरोध नाही. २०१६ साली महाडजवळ सावित्रीवरचा पूल एका रात्रीत गाड्यांसकट वाहून गेला, २०२५ च्या जूनमध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा पूल माणसं उभी असताना कोसळला. त्यानंतर जुनंच राहू द्या असं कोण म्हणेल?

अडचण अशी की अंदाजपत्रकाचं काम सुरू झालंय आणि दोन्ही टोकांच्या लोकांना त्यातलं काहीच माहीत नाही. आपल्याकडे आधी मान्यता, मग निविदा, मग नारळ, आणि जेसीबी आला की लोक रस्त्यावर येतात. तेव्हा बदल मागितला तर सुधारित अंदाजपत्रक लागतं आणि अर्धवट खांब पावसाळेच्या पावसाळे उभे राहतात. मला लोकांचं म्हणणं त्याच्या आत पोचवायचं आहे.

सगळ्यात मोठा प्रश्न उंचीचा. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने काय केलं ते आम्ही पाहिलंय, त्यामुळे पूल उंच हवा हे सगळ्यांना मान्य आहे. पण पूल वर गेला की उतार लांबतो आणि जोडरस्त्याचा भराव थेट पेठेत शिरतो. आज गिऱ्हाईक रस्त्यावरून सरळ ओट्यावर पाय ठेवतं. उद्या तोच ओटा रस्त्यापेक्षा कमरेइतका खाली जाईल आणि पावसाचं पाणी दुकानात येईल. पेठेत हे अजून बऱ्याच जणांच्या लक्षातच आलेलं नाही.

दुसरं, पुलाच्या खालच्या अंगाला दगडी पायऱ्या आहेत. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली देवी, बसते आणि सोमवारी वाजतगाजत त्याच पायऱ्यांवरून नदीवर जाते. संरक्षक भिंत कुठून कुठे जाणार, तिच्यात पायऱ्यांना वाट ठेवणार का, हे बायकांना कुणी विचारलेलं नाही. कठड्यालगत बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींशी बोललो तर त्या म्हणाल्या, "आमले कोन इचारस, भाऊ?"

मुख्याधिकारी साहेब बोलायला चांगले आहेत, "लोकांचं म्हणणं लेखी आणा" म्हणतात. पण सभागृहात सभा ठेवली की तीच पंधरा-वीस माणसं येतात आणि फोटो काढून जातात. ज्यांना रोज पुलावरून पायी जायचं आहे, त्यांच्याकडून कामाला येईल असं म्हणणं कसं गोळा करायचं? आणि ते नकाशात उतरेल अशा भाषेत कसं मांडायचं? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

बांधकाम खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून सांगतो. सगळ्यात आधी तांत्रिक मान्यता, म्हणजे नकाशा आणि अंदाजपत्रकाला अभियंत्यांची मंजुरी, झाली आहे का ते विचारा. झाली नसेल तर तुमच्या हातात वेळ आहे. सर्वसाधारण आराखडा आणि जोडरस्त्याचा उभा छेद (रस्ता कुठे किती उंच जातो ते दाखवणारा नकाशा), एवढे दोनच कागद मागा. माहिती अधिकारात दहा रुपयांचा स्टॅम्प लावून नुसत्या प्रती मागू नका, कागद पाहायलाही मागा, कायद्यात अवलोकनाची सोय आहे. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्यामागची माहिती कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायची असते. अर्जात हे नमूद करा, पण भांडणाच्या सुरात नको.

छेद कागदावर दाखवला तर कुणाला काही कळणार नाही. अभियंत्याला विनंती करून पेठेतल्या विजेच्या खांबांवर नव्या रस्त्याची पातळी लाल रंगाने मारून घ्या. जमिनीवर भरावाची कड फक्कीने आखा. माणूस आपल्या दुकानापुढे उभा राहून ती रेघ बघतो, तेव्हा खरी चर्चा सुरू होते. पातळी आधी बघणं किती महत्त्वाचं, ते मुंबईत दिसलं. २०२४ च्या फेब्रुवारीत अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू सुरू झाली, तर शेजारचा बर्फीवाला पूल त्याला जुळेना. शेवटी जॅक लावून तो उचलावा लागला.

प्रतिसाद

दादा, सभा सभागृहात घेऊच नका. आठवडी बाजाराच्या दिवशी पुलाच्या तोंडाशीच टेबल टाका. शाळा सुटायच्या वेळी एकदा आणि जिनिंगची पाळी सुटते तेव्हा एकदा बसा. कानबाईचं बायकांना रोटांच्या तयारीच्या वेळी घरी जाऊन विचारा, त्या पायरीन् पायरी सांगतील. भाजीवाल्या मावशींसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. तुमच्याकडे समिती आहे का ते बघा, आणि त्यांना उठवायच्या आधी हा विषय तिथे घ्यायला लावा.

आणखी एक. बांधकाम चालू असताना माणसं कुठून जाणार, हे आत्ताच लिहून घ्या. जळगावला शिवाजीनगरचा रेल्वेपूल २०१९ मध्ये पाडला, नवा होईपर्यंत पलीकडच्या लोकांनी जे काढलं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. नदीत पाइप टाकून केलेला वळणरस्ता पहिल्या पुरात जातो. पायी जाणाऱ्यांसाठी तात्पुरता लोखंडी पूल आधी, पाडकाम नंतर, अशी अट निविदेतच घाला.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. चौकशी केली, तांत्रिक मान्यता अजून बाकी आहे. खांबांवर पातळी मारून द्यायला शाखा अभियंता तयार झालेत. पुढच्या बाजाराला टेबल लावतोय, हायस्कूलचे दोन शिक्षक मदतीला येणार आहेत. पायी पुलाची अट निविदेत कोणत्या शब्दांत घालतात, याचा नमुना कुणाकडे असेल तर कृपया इथे टाका. लेखी निवेदन त्याच्याबरोबरच द्यायचं आहे.