कॉम्प्रेसरच्या सर्व्हिस केंद्राला नुसतं ‘बघू’ द्यावं, की लांबून ‘चालवू’ही द्यावं?

सर्व्हिसवाला_पिंपरी

‘कॉम्प्रेसर हाय टेंपला ट्रिप झालाय, माणूस पाठवा.’ एवढ्या फोनवर पिंपरीतून गाडी निघते, चाकणला तळेगाव चौकात अडकते, आणि पोचल्यावर कळतं की थर्मल व्हॉल्व्ह अडकलाय आणि त्याचं किट गाडीत नाही. दुसरी फेरी. तोवर लाइन उभी.

पॅनेलातल्या गेटवेवर (कॉम्प्रेसरचे आकडे सिमवरून इंटरनेटवर पाठवणारा डबा) आधी आलेख उघडला तर हे इथूनच कळतं. डिस्चार्जचं तापमान तीन-चार आठवड्यांत ८५ वरून १०० अंशांपर्यंत हळूहळू चढलं असेल तर कूलर धुळीने चोक आहे, ब्लोअर आणि जेट घेऊन जा. दहा मिनिटांत ८५ वरून ११० झालं असेल तर पंखा, तेलाची पातळी किंवा थर्मल व्हॉल्व्ह. सेपरेटरवरचा (हवेतून तेल वेगळं करणाऱ्या गाळणीवरचा) दाबफरक नवा असताना ०.२ बारच्या आसपास असतो. तो ०.८ ला आला की एलिमेंट मागवा, आणि चढत चढत आलेला फरक अचानक शून्याकडे गेला तर एलिमेंट फाटलंय, तेल लाइनमध्ये जातंय.

इथपर्यंत कुणाचं दुमत नसावं. माझा मुद्दा पुढचा. नुसतं वाचायला देणं म्हणजे अर्धंच काम. फॉल्ट रिसेट, दाबाचा सेटपॉइंट (ठरवलेला दाब), लोड-अनलोडची (हवा भरणं सुरू-बंद होण्याची) मर्यादा हे बदलायचा हक्कही सर्व्हिस केंद्राला हवा. रात्री तीनला व्होल्टेज पडून ट्रिप झाली, तिन्ही फेज परत ४१५ वर आल्या, तर दोन मिनिटांचं काम सकाळपर्यंत का थांबवायचं? आणि ७.५ बारवर विनाकारण चालणारं मशीन ६.५ वर आणलं तर साधारण ६-७ टक्के वीज वाचते.

मेंटेनन्स_भोसरी

वाचायला द्या, लिहायला अजिबात नको.

कॅनॉपीचं (कॉम्प्रेसरच्या बाहेरच्या पेटीचं) दार उघडून आत कुणी हात घातलाय हे कंट्रोलरला कळत नाही. ट्रिप झाली की शिफ्टचा माणूस आधी दार उघडून बघतो, आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) पाडायला विसरतो. विसरू नये, पण विसरतो. त्याच वेळी लांबून रिसेट आणि ऑटो रीस्टार्ट झालं तर पंखा त्याच्या बोटांवर फिरेल. इमर्जन्सी स्टॉपबद्दल तर आयईसी ६०२०४-१ (यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) स्पष्ट आहे: जिथे दाबला तिथेच हाताने सोडवायचा, आणि सोडवल्यामुळे मशीन आपोआप सुरू होता कामा नये. हा नियम आहे त्याला कारण आहे.

सेटपॉइंटचंही तसंच. कॉम्प्रेसर रूममध्ये ६.५ दिसतात, पण ड्रायर, फिल्टर आणि दीडशे फूट जुनी पाइप ओलांडून शेवटच्या व्हीएमसीला (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनला) ५.७ पोचतात. फिक्स्चरचा (जॉब धरून ठेवणाऱ्या साच्याचा) प्रेशर स्विच ५.५ ला लावलेला असेल तर दोन सिलिंडर एकदम उघडले की सायकल मध्येच थांबते, आणि स्विचच नसेल तर जॉब सरकतो. सर्व्हिस केंद्राच्या पडद्यावर शेवटचं व्हीएमसी नसतं. विजेचे ६ टक्के वाचतील, पण टूल तुटेल, जॉब रिजेक्ट होईल.

गेटवे_पॅनेल

तुम्ही दोघं ज्या आकड्यांवर भांडताय ते आकडे तरी खरे आहेत का, हे आधी बघा. तापमान वाढलंय असं दिसतं तेव्हा बऱ्याचदा बिघाड वायरीत असतो.

आरएस-४८५ ची वायर (कंट्रोलरकडून गेटवेकडे आकडे नेणारी) व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये टाकलेली असते. मोटर लोड झाली की वाचन तुटतं, अनलोड झाली की परत येतं. म्हणजे नेमकं जेव्हा बघायला हवं तेव्हाच आलेखात भोक. निदान एक फूट अंतर ठेवा, ओलांडायचीच तर काटकोनात ओलांडा, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. पॅनेल बंद करून ए आणि बी मध्ये मल्टिमीटर लावा. ६० ओहम दाखवला तर दोन्ही टोकांचे १२० चे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आला तर एक गायब, ४० आला तर मध्येच कुणीतरी तिसरा लावलाय.

दुसरं, रजिस्टर, म्हणजे कंट्रोलरमधला आकडा ठेवायचा क्रमांकित खण. ३२ बिटांचा आकडा दोन रजिस्टरांत येतो आणि त्यांचा क्रम उलटा वाचला तर ७.० बारच्या जागी जवळपास शून्य दिसतं. ही चूक पहिल्याच दिवशी पकडली जाते. पण पत्ता एकाने चुकला तर शेजारचं रजिस्टर वाचलं जातं, आणि शेजारीही तापमानच असेल तर महिनोन्‌महिने कुणाला शंका येत नाही. गेटवे लावल्या दिवशी कंट्रोलरच्या डिस्प्लेवरचा प्रत्येक आकडा पोर्टलवरच्या आकड्याशी, मशीन लोडवर असताना, समोर उभं राहून ताडून घ्या.

तिसरं, गुरुवार. आपल्याकडे एमआयडीसीला सुट्टी गुरुवारी आणि महावितरणची देखभालही गुरुवारी. गेटवे बंद होतो. आतला घड्याळाचा सेल मेलेला असेल तर वीज आल्यावर गेटवेची तारीख १९७० ला जाते. मग सर्व्हरचं प्रमाणपत्र ‘अजून वैध नाही’ असं म्हणून तो जोडणीच नाकारतो. सिमला रेंज आहे, रिचार्ज आहे, दिवे हिरवे आहेत, आणि डेटा शून्य. सेल बदला आणि जोडणीच्या आधी वेळ जुळवून घेण्याची सेटिंग चालू करा. लोक मात्र सिम बदलत बसतात.

सर्व्हिसवाला_पिंपरी

ताडून घ्यायचा मुद्दा शंभर टक्के मान्य. गुरुवारचा मात्र फायदाही सांगतो. वीज असलेल्या गुरुवारी कारखाना बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू ठेवा. हवा कुणी वापरत नाही, तरी मशीन दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड होत असेल तर दोन भागिले आठ, म्हणजे क्षमतेच्या २५ टक्के हवा गळतीत जातेय. २२० सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट हवा) मशीनला ५५ सीएफएम. (व्हीएफडी मशीनला हे गणित लागू नाही, ते वेग कमी करतं.) हा आकडा माणूस पाठवल्याशिवाय, घरबसल्या मिळतो.

मेंटेनन्स_भोसरी

बरोबर. आणि हे सगळं नुसतं वाचून झालं. लिहायची गरज कुठे पडली?

सुरक्षा_बाणेर

भोसरीकरांच्या ‘वाचायला द्या, लिहायला नको’ यातली एक गफलत सांगणं गरजेचं आहे. गेटवे कंट्रोलरशी ज्या भाषेत बोलतो तो मॉडबस १९७९ चा आहे, त्यात पासवर्ड ही कल्पनाच नाही. जो गेटवे फंक्शन कोड ०३ ने वाचतो, त्याच दोन वायरींवरून तो ०६ आणि १६ ने लिहू शकतो. पोर्टलवर बटण दिसत नाही म्हणजे लिहिता येत नाही असं नव्हे. बटण फक्त लपवलंय. खरोखर वाचन-मात्र हवं असेल तर दोन ठिकाणी अडवा: कंट्रोलरच्या मेनूमध्ये दूरस्थ आदेश बंद करा, आणि गेटवेच्या फर्मवेअरमध्ये लिहिण्याचे कोड (०५, ०६, १५, १६) गाळून टाका. मग लॅपटॉप लावून मुद्दाम एक आदेश पाठवा आणि तो नाकारला जातो का बघा. ही चाचणी क्वचितच कुणी करतं.

बाकीचं तातडीचं: जोडणी गेटवेकडूनच बाहेर जावी, एमक्यूटीटीच्या (यंत्रांचा डेटा पाठवायची पद्धत) पोर्ट ८८८३ वर, प्रत्येक यंत्राला स्वतःचं प्रमाणपत्र. राउटरमध्ये बाहेरून मॉडबसचं पोर्ट ५०२ उघडून ठेवणं म्हणजे कॉम्प्रेसरचं पॅनेल रस्त्यावर ठेवण्यासारखं आहे. २०१६ च्या मिराई या मालवेअरने फक्त कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड वापरून कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. तुमच्या गेटवेचा पासवर्ड अजून स्टिकरवरचाच असेल तर आजच बदला. आणि सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ च्या निर्देशांनुसार घुसखोरी कळल्यापासून ६ तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. ते कोण ठेवणार, ग्राहक की सर्व्हिसवाला, हे करारात लिहा.

सर्व्हिसवाला_पिंपरी

ठीक. माझी मागणी कमी करतो. इमर्जन्सी स्टॉप, हाय टेंप, मोटर ओव्हरलोड यांचा रिसेट लांबून नको. हाय टेंप पुन्हा पुन्हा रिसेट करून मशीन रेटलं की तेल जळून रोटरवर वार्निश बसतं आणि एअरएंडचे (हवा दाबणाऱ्या मुख्य भागाचे) बेअरिंग जातात, हे मलाही नको आहे. फक्त व्होल्टेजचा फॉल्ट, तोही एकदाच. आणि पॅनेलवर ‘लोकल-रिमोट’ चावी. चावी लोकलवर असली की दूरस्थ आदेशाचा संपर्क वायरनेच तुटलेला, सॉफ्टवेअरने नाही.

मेंटेनन्स_भोसरी

चावीची कल्पना चांगली आहे, पण तिनेच तुमचा मुद्दा संपतो. ट्रिप झाल्यावर चावी रिमोटवर आणायला माणूस कॉम्प्रेसर रूममध्ये गेलाच, तर दार बंद आहे हे बघून रिसेटचं बटण तोच दाबेल. तुम्ही फोनवर सांगा, ‘तिन्ही फेज ठीक आहेत, दाबा.’ आणि चावी कायम रिमोटवरच ठेवायची असेल तर ती असून नसल्यासारखी.

सर्व्हिसवाला_पिंपरी

रात्रपाळीला कॉम्प्रेसर रूमकडे जाणारा माणूसच नसतो, अशा छोट्या युनिटचं काय? तिथे तर दार उघडणाराही कुणी नसतो. दारावर लिमिट स्विच लावून तो त्याच संपर्काच्या मालिकेत घ्या. दार उघडं तर आदेश जाणारच नाही.

मेंटेनन्स_भोसरी

लिमिट स्विच असेल, तो शॉर्ट केलेला नाही हे दर महिन्याला तपासलं जाणार असेल, आणि युनिट खरंच मनुष्यविरहित असेल, तर व्होल्टेजच्या फॉल्टपुरतं मी गप्प बसेन. सेटपॉइंटला माझा विरोध कायम.

गेटवे_पॅनेल

जाता जाता, यात राहून गेलेलं. एएमसी (वार्षिक देखभाल करार) संपली की सिमही बंद होतं आणि ग्राहकाच्या हातात मुका डबा उरतो. खरेदीच्या ऑर्डरमध्येच तीन ओळी घाला: रजिस्टरांची पूर्ण यादी ग्राहकाला मिळेल, मागचा डेटा सीएसव्हीमध्ये उतरवून मिळेल, आणि गेटवे दुसऱ्या सर्व्हरकडे वळवायचा पासवर्ड मिळेल. डेटाचा खर्च फार नाही. दर ३० सेकंदांनी ३०० बाइट पाठवले तर महिन्याला २६ एमबीच्या आसपास, वरखर्च धरून ५० एमबी. भांडण पैशाचं नसतं, रजिस्टरांच्या यादीचं असतं. ती यादी मशीन उतरवून घ्यायच्या आधी मागा.