कोल्हापूरची पोरगी, महासागरातली शर्यत : बोटीवर रोजचा दिवस कसा जातो?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. मी 29 वर्षांची, राजारामपुरीत राहते, फिजिओथेरपिस्ट आहे. हौशी लोकांना घेणाऱ्या एका जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत मला एक टप्पा मिळालाय, केप टाउन ते पश्चिम ऑस्ट्रेलिया. वादळाचे व्हिडिओ ढीगभर बघितले, पण रोजचं कुणी सांगत नाही. झोप किती मिळते? जेवणाचं काय, संडास-आंघोळीचं काय? मला एसटीतनं गगनबावड्याचा घाट उतरतानाच मळमळतं. आई म्हणते, तळ्याकाठी वाढलेली पोरगी समुद्रात काय करणार? इथं राहून कसली तयारी करू?

उद्यमनगर_लेथ
ताई, पहिल्यांदा मनापासून अभिनंदन. हाच टप्पा मी वयाच्या 46 व्या वर्षी केला. 23 दिवस. उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे, त्याआधी समुद्र म्हणजे मालवणची सहल एवढाच माहीत होता.

झोपेपासून सांगतो, कारण माणूस तिथंच मोडतो. आमच्या दोन पाळ्या होत्या. दिवसा सहा-सहा तास, रात्री चार-चार तास. म्हणायला चार तास झोप, पण उठवतात अर्धा तास आधी. बोट एका कुशीवर कललेली, एक हात कायम कशाला तरी धरलेला आणि उरलेल्या हातानं थर्मल, जाड पँट, जॅकेट, बूट, लाइफजॅकेट चढवायचं. खाली आल्यावर तेवढंच सगळं उतरवायचं. हातात जेमतेम तीन तास राहतात. बंक, म्हणजे झोपायची फळी, दोघांत एक. मी वर गेलो की माझ्या उबेत दुसरा शिरायचा. आणि ताई, पाळी बदलायला वेळेवर वर जा. वरचा माणूस काकडत तुमची वाट बघत असतो. आमच्या बोटीवर जी काही भांडणं झाली, ती सगळी या पाच मिनिटांवरून.

बोट लागणारच, मलाही लागली. दोन दिवस नुसता बादलीशी संसार. गोळी निघायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. घोट घोट पाणी पीत राहायचं, नजर क्षितिजावर ठेवायची. सुकाणू हातात आलं की बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी मला भूक लागली.

स्वयंपाक रोज दोघांकडं असतो, त्याला ‘मदर’ म्हणतात. त्या दिवशी पाळी नाही, पण वीस माणसांचं तीन वेळचं करायचं. शेगडी झुलती असते, बोट कलली तरी पातेलं सरळ राहतं, आपणच कलतो. ब्रेड रोज बोटीवरच भाजायचा. मी घरची कांदा-लसूण चटणी अर्धा किलो नेली होती. माझ्या पाळीला मसूर शिजवला आणि दोन चमचे चटणी घातली. साठीची एक आयरिश बाई वाडगं बोटानं पुसून खात होती. दुसऱ्या दिवसापासून ती मला ‘चटनी’ म्हणूनच हाक मारायची.

संडासाला हातपंप. समोरच्या भिंतीला पाय रोवून बसायचं. आंघोळ नाही, ओल्या कागदानं अंग पुसायचं. पिण्याचं पाणी समुद्राचंच, यंत्रातून गोडं केलेलं. खारट ओल्या कपड्यांनी बसायच्या जागी पुरळ उठतं, तेव्हा झिंकचं मलम न्याच.

आता माझ्या कामाचं सांगतो. चाळीस अंश दक्षिणेच्या खाली पश्चिमेचा वारा अडवायला जवळपास जमीनच नाही, तिथं दोरावर केवढा ताण असतो! अकराव्या रात्री पुढच्या शिडाचा विंच, म्हणजे शिडाचा दोर ओढून धरणारी चरखी, मागं घसरायला लागला. ताण दुसऱ्या विंचवर घेतला आणि बिघडलेल्याचा ड्रम उपसला. बघतो तर पॉलना, म्हणजे ड्रमला उलटं फिरू न देणाऱ्या खटक्यांना, कुणीतरी जाड ग्रीस फासलेलं. गिअरला ग्रीस चालतं, पॉलना फक्त पातळ तेल. थंडीत ग्रीस घट्ट झालं, बारीक स्प्रिंगला पॉल बाहेर ढकलता येईना, दात धरतच नव्हते. डोक्यावर लाल बत्ती, अंगावर पाण्याचे फटके. जोडीदारानं खाली टॉवेल धरला. एकेक पॉल पुसला, तेलाचा थेंब सोडला, स्प्रिंग बसवली. ड्रम परत चढवून फिरवला आणि टक-टक-टक आवाज आला. त्या आवाजानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं लेथवर उभं राहिल्याचं तिथं सार्थक झालं.

कागलचा_नौसैनिक (निवृत्त)
आईंना सांगा, 2017-18 मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी आणि आपल्या नौदलाच्या आणखी पाच महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून 254 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याआधी आपले कमांडर दिलीप दोंदे 2010 मध्ये ‘म्हादेई’तून एकट्यानं प्रदक्षिणा करून मुंबईला परतले. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 1969 मध्ये 312 दिवस कुठंही न थांबता एकटे फिरून आले, ती ‘सुहेली’ही मुंबईत बांधलेली, सागवानी.
एकच कळकळीची सूचना. डेकवर पाऊल टाकायच्या आधी सुरक्षा-दोराचा हुक अडकवा. समुद्र शांत असला तरी. रात्री माणूस पडला तर लाटांत डोकं नारळाएवढंही दिसत नाही.

रंकाळाकाठ
काका, दोघांचेही आभार. आईला तारिणीचं वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण चटणी कोरडी भाजली तर किती दिवस टिकेल, हे विचारलं. विंचचं काम मला जमेल का हो? मशीनला कधी हात लावलेला नाही.

उद्यमनगर_लेथ
न जमायला काय झालं? माणसांचे सांधे हाताळता, हाही एक सांधाच. तालमीत दोर चढा, बैठका मारा, दंड आणि मांड्या दोन्ही लागतात. बोलाइनची, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची, गाठ डोळे मिटून, एका हातानं जमेपर्यंत घाला. माझ्याकडं भंगारातला एक जुना विंच बाकावर बसवलाय. पत्ता मेसेज करतो. रविवारी आईंना घेऊन या, सगळा खोलून परत जोडू. हातमोजे घालून काम करायचं नाही. ती स्प्रिंग उघड्या बोटांनाच कळते.