सिकलसेलची कॅप्सूल: चाचणीचा पुरावा मानायचा की घरचा अनुभव?

लक्ष्मीनगरची मावशी
माझी भाची 9 वर्षांची आहे. तिला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकून नसांत अडकतात आणि दुखणं उठतं. त्यातही एसएस, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला प्रकार. गेल्या हिवाळ्यात तीनदा भरती करावं लागलं. रात्री पाय दुखायला लागले की ती उशी गुडघ्यांत दाबून आवाज न करता रडते, कारण शेजारी धाकटा भाऊ झोपलेला असतो. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया लिहून दिलं. भाऊजींनी मोबाइलवर नाव टाकलं, 'कॅन्सरचं औषध' एवढं वाचलं आणि चिठ्ठी कपाटात गेली. आता गव्हांकुराचा रस सुरू आहे.

मला हे मान्य नाही. हे औषध रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं, पण सिकलसेलमध्ये ते वेगळ्या कामासाठी देतात. त्याने पोटातल्या बाळाच्या रक्तात असतं ते हिमोग्लोबिन वाढतं आणि पेशी विळ्यासारख्या वाकणं कमी होतं. 1995 साली अमेरिकेतल्या 299 प्रौढांच्या चाचणीत औषध न मिळालेल्या गटात वर्षाला साडेचार क्रायसिस, म्हणजे दुखण्याचे झटके, आले आणि औषधाच्या गटात अडीच. आणि अमेरिका लांबची वाटत असेल तर आपल्याच नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, म्हणजे मेडिकलमध्ये, 60 मुलांवर चाचणी झाली. 2012 साली ती छापून आली. डोस कमी, किलोमागे 10 मिलिग्रॅम. कोणाला औषध आणि कोणाला नुसती रिकामी कॅप्सूल, हे आईबापांनाही ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. औषधाच्या गटात वर्षाला बाराच्या आसपास असलेले क्रायसिस एकाच्याही खाली आले. घराजवळ इतका पुरावा असताना पोरीने का सोसायचं?

गव्हांकुर
ताई, माझ्या पुतण्याला रस सुरू केल्यापासून सहा महिने क्रायसिस नाही. डोळ्याने पाहिलं ते खोटं का?

लक्ष्मीनगरची मावशी
खोटं नाही, दादा. पण रस कधी सुरू केला? सगळ्यात वाईट महिन्यानंतरच ना? हे दुखणं येतं आणि ओसरतं. उन्हाळा लागला असेल, पाणी जास्त पोटात गेलं असेल, ताप आला नसेल. वाईट महिन्यानंतर काहीही दिलं तरी पुढचा महिना बरा जाण्याचीच शक्यता जास्त. म्हणून तर रिकाम्या कॅप्सूलचा गट लागतो. आपोआप किती ओसरलं असतं ते त्या गटावरून कळतं.

भिवापूरकडचा बाप
मावशी, तुमचं मन कळतं. माझी मुलगी 14 वर्षांची, एसएसच. पण मी औषध सुरू केलेलं नाही, आणि मी अडाणी म्हणून नाही.

त्या चाचणीत फार त्रास असलेली मुलं घेतली होती. माझ्या पोरीला वर्षातून एखाददा होतं. मग तो आकडा तिला कसा लावायचा? दुसरं, चाचणीतल्या मुलांची रक्त तपासणी ठरल्या दिवशी होते, औषधाने पांढऱ्या पेशी उतरल्या की कोणीतरी तिथल्या तिथे औषध थांबवतं. आमच्याकडे सीबीसी (रक्तपेशी मोजायची ती तपासणी) म्हणजे एका दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि पोरीची शाळा बुडाली. धान कापणीच्या दिवसांत तर जाणंच होत नाही. तपासणीशिवाय तेच औषध घेतलं तर ते चाचणीतलं औषध राहतं का? आणि 18 महिन्यांची चाचणी तिच्या पुढच्या लेकराबाळांबद्दल काय सांगणार?

रात्रपाळी
मी परिचारिका आहे, अकरा वर्षं झाली. अनुभवावर किती भिस्त ठेवायची ते मला कोरोनाच्या एप्रिल 2021 ने शिकवलं. रात्री दोन वाजता व्हरांड्यात एक मुलगा दोन फोन कानाला लावून उभा होता, वडिलांसाठी प्लाझ्मा, म्हणजे कोरोनातून बऱ्या झालेल्याच्या रक्तातला पातळ भाग, मागत. ज्या रक्तगटाचा मिळाला तो चालणार नव्हता. पहाटेपर्यंत तो बापाजवळ बसलाच नाही. आणि भारतातल्याच 464 रुग्णांच्या चाचणीने आदल्या ऑक्टोबरातच दाखवलं होतं की प्लाझ्माने मृत्यू कमी होत नाहीत. मे महिन्यात तो उपचारांच्या यादीतून काढला. त्या मुलाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आफ्रिकेतल्या 2011 च्या चाचणीचंही सांगते. तापाने फणफणलेल्या, हातपाय गार पडलेल्या लेकरांना भराभर सलाइन द्यायचं, हे आम्ही सगळेच शिकलो होतो. 3,141 मुलांवर तपासलं. ज्यांना भराभर सलाइन दिलं त्यांच्यात दोन दिवसांत शंभरात साडेदहा गेली, ज्यांना दिलं नाही त्यांच्यात सात-साडेसात. जीव वाचतो म्हणून जे हातांनी केलं त्यानेच जीव जात होते, आणि वॉर्डात उभं राहून ते कोणालाही दिसलं नसतं.

भिवापूरकडचा बाप
सिस्टर, हे तर माझ्याच बाजूचं झालं. सलाइनचा तो नियम मोठ्या दवाखान्यांतून आला, जिथे श्वास अडकला तर व्हेंटिलेटर असतो. तिथला नियम इथे आणला की काय होतं, तेच तुम्ही सांगितलं.

लक्ष्मीनगरची मावशी
बरोबर. पण ते कळलं कशाने? तिथल्या मुलांवर चाचणी घेतली म्हणूनच ना. हायड्रॉक्सीयुरियाचंही तसंच झालं. मलेरियाच्या भागात हे औषध धोक्याचं ठरेल अशी भीती होती. मग आफ्रिकेतल्या चार देशांत सहाशेच्या वर मुलांना देऊन पाहिलं. क्रायसिस निम्म्याहून कमी झाले, मलेरियाही कमी झाला.

तुमच्या मुलीबद्दल मात्र मी माझं म्हणणं मागे घेते. वर्षातून एखादा क्रायसिस असलेली मुलं आपल्या मेडिकलच्या चाचणीत नव्हती, तेव्हा तो आकडा तिच्यापुढे ठेवणं चूकच. लेकराबाळांचा प्रश्नही खरा आहे, तो डॉक्टरांना तोंडावर विचारायलाच हवा. माझ्या भाचीचं तसं नाही. एका हिवाळ्यात तीन भरती, ती त्या 60 मुलांसारखीच आहे.

भिवापूरकडचा बाप
तुमच्या भाचीला द्या, तिथे माझा विरोध नाही. माझ्या पोरीचं म्हणाल तर यंदा दिवाळीनंतर तिला दोनदा झालं, हे मी वर लिहिलं नव्हतं. सिस्टर, सीबीसी तालुक्याच्या दवाखान्यात करून रिपोर्ट फोनवर पाठवला तर नागपूरचे डॉक्टर त्यावर डोस ठरवतात का? सुरुवातीला किती दिवसांनी करावी लागते?

रात्रपाळी
आमच्याकडे सुरुवातीला साधारण महिन्याला बोलावतात, पेशी स्थिर झाल्या की अंतर वाढवतात. रिपोर्ट फोनवर चालतो का ते डॉक्टरांवर आहे. पहिल्या भेटीतच विचारा, आणि ताप आला तर कोणाला फोन करायचा तो नंबर चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय उठू नका.