मदत हवी आहे: पल्सर १५०च्या क्लच प्लेटा घरी बदलल्या, स्लिप थांबलं, पण आता क्लच पूर्ण सुटत नाही

नमस्कार मंडळी,

गाडी पल्सर १५०, २०११ची, ७१ हजार किमी झालेली. वडिलांनी घेतली होती, आता मी चालवतो. राहायला वाई, नोकरी पाचगणीला. म्हणजे आठवड्यातले सहा दिवस पसरणी घाट चढायचा आणि उतरायचा. ‘विकून नवी घ्या’ हा सल्ला कृपया देऊ नका, ही गाडी घरातून जाणार नाही.

पावसाळ्याच्या आधीपासून क्लच स्लिप मारत होता. सपाटीला काही कळायचं नाही. घाटात मात्र, धोमचं पाणी दिसायला लागतं त्या वळणांवर, तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिन ओरडायचं, काटा वर जायचा आणि गाडी आहे त्याच वेगात. असे तीन महिने मी रेटले. गॅरेजमध्ये विचारलं तर अख्खी असेंब्ली बदलायला सांगितली. मला गाडी उघडून शिकायचंच होतं, म्हणून पुण्याला नाना पेठेत जाऊन क्लच प्लेटांचा सेट, स्प्रिंगा आणि कव्हरचं पॅकिंग आणलं. सेट कंपनीचा नाही, बाहेरच्या एका मेकचा आहे. दुकानदाराने ‘रनिंग माल आहे, बिनधास्त लावा’ म्हणून दिला.

गेल्या रविवारी काम केलं. ऑइल काढलं, किक आणि उजवा फूटरेस्ट काढला, ब्रेक पेडल बाजूला केलं, केबल सोडवली, कव्हर उघडलं. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवला. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून सैल केले, मधला नट सोडवला, प्लेटा बाहेर काढल्या. जितक्या निघाल्या तितक्याच, त्याच क्रमाने नव्या बसवल्या. नव्या प्लेटा आदल्या रात्री ऑइलमध्ये भिजत घातल्या होत्या. ऑइल नवीन, २०डब्ल्यू५०.

आता स्लिप अजिबात नाही. घाटात गाडी पहिल्यासारखी ओढते. पण क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला की ‘खट्’ आवाज येतो आणि गाडी हातभर पुढे उडी मारते. उभ्या गाडीला न्यूट्रल लागत नाही, इंजिन बंद करून लावावं लागतं. परवा शाळेच्या गेटपाशी मुलं समोर उभी होती आणि क्लच दाबलेला असताना गाडी पुढे सरकत होती. तेव्हापासून मी ती रस्त्यावर काढलेली नाही, एसटीने जातोय.

केबल ताणून पाहिली. फ्री प्ले (लिव्हर दाबताना सुरुवातीला मिळणारी मोकळी हालचाल) जवळजवळ संपवला तरी फरक नगण्य.

प्लेटांची जाडी चुकली असेल का? की बसवण्यात काही उलटंसुलटं झालं? पुन्हा उघडायची तयारी आहे, पण या वेळी काय बघायचं ते ठरवून उघडायचं आहे.

प्रतिसाद (कोल्हापूर)

दादा, पहिलं म्हणजे गाडी बाजूला लावलीत हे फार चांगलं केलंत.

माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं हेच काम. तीन गोष्टी सांगा, मग बोलू.

१. सेटमध्ये फक्त फ्रिक्शन प्लेटा (घर्षणाचा थर असलेल्या) होत्या की मधल्या स्टीलच्या प्लेटाही? स्टीलच्या जुन्याच लावल्या असतील तर त्यांचा रंग कसा होता?

२. ज्या हाउसिंगमध्ये प्लेटांचे कान बसतात, त्याच्या बोटांवर खाचा पडल्यात का? नख फिरवून अडकत होतं का?

३. त्रास थंड गाडीला जास्त की गरम झाल्यावर जास्त? याचं उत्तर नीट आठवून द्या, निम्मं निदान यातच आहे.

प्रतिसाद (नाशिक)

लोकल प्लेटा लावल्या की हेच होतं. ओरिजिनल आणा, विषय संपला.

प्रतिसाद (ठाणे)

कारचं ऑइल तर नाही ना घातलं? माझ्या भावाने घातलं होतं, क्लचची वाट लागली होती.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार.

काका, स्टीलच्या प्लेटा जुन्याच आहेत. सेटमध्ये त्या नव्हत्याच. त्यांच्यावर निळसर-जांभळे डाग होते, पण हाताला गुळगुळीत लागल्या म्हणून पॉलिश पेपर मारून तशाच बसवल्या. हाउसिंगच्या बोटांवर खुणा होत्या हे नक्की आठवतंय, किती खोल ते पाहिलं नाही. आणि त्रास गरम झाल्यावर स्पष्ट जास्त आहे. सकाळी अंगणात जेमतेम न्यूट्रल लागतो, घाट चढून वर पोचल्यावर अजिबात नाही.

ठाणेकर, ऑइल मोटरसायकलचंच आहे, बाटलीवर जासो एमए लिहिलेलं आहे.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर)

मी वाळूज एमआयडीसीत दुचाकींचे क्लच बनवणाऱ्या कारखान्यात अकरा वर्षं काढली, त्यातली सात तपासणीला. थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे दोन वेगळे आजार एकमेकांत मिसळले जातायत.

क्लच स्लिप मारणं म्हणजे प्लेटा एकमेकींना पुरेशा धरत नाहीत. क्लच न सुटणं म्हणजे त्या पुरेशा लांब होत नाहीत. कारच्या ऑइलने पहिला आजार होतो, दुसरा नाही. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, मायलेज वाढावं म्हणून. कारचा क्लच कोरडा आणि इंजिनपासून वेगळा, त्याला त्याचं काही नाही. आपल्या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला. म्हणून जपानमध्ये १९९८ साली जासोचं मोटरसायकल ऑइलचं मानक आलं: एमए म्हणजे ओल्या क्लचला चालणारं आणि एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, गिअरलेस स्कूटरसाठी. धागाकर्त्यांचं ऑइल बरोबर आहे, तो मुद्दा सोडून द्या.

आता थंड-गरम. थंड गाडीला क्लच चिकटतो आणि चार-पाच मिनिटांत सुटायला लागतो, तेव्हा कारण बहुतेक जाड ऑइलचं असतं, ते पातळ झालं की त्रास जातो. गरम झाल्यावर वाढत असेल तर उलट समजायचं. तेव्हा ऑइल पातळ असतं, तरीही प्लेटा घासतायत, म्हणजे कोणती तरी प्लेट सपाट राहिलेली नाही.

निळा रंग म्हणजे स्टील तापून गेल्याची खूण. तीन महिने घाटात स्लिप होत असताना इंजिनची जी ताकद चाकाला मिळत नव्हती, तिची उष्णता होत होती आणि ती सगळी या पातळ चकत्यांत मुरत होती. अशी चकती हाताला गुळगुळीतच लागते, बशीसारखी किंचित वाकलेली असते ते बोटाला कळत नाही. क्लच दाबल्यावर सगळ्या प्लेटांना मिळून जी जागा मिळते ती एक-दीड मिलिमीटरच्या आसपास असते. ती सगळ्या फटींत वाटायची. एक प्लेट पाव मिलिमीटर वाकडी असली तरी तिच्या वाट्याची फट तीच खाऊन टाकते.

नाशिककरांच्या मताशी मी सहमत नाही. बाहेरचा माल सरसकट वाईट नसतो, जे कारखाने कंपन्यांना पुरवठा करतात त्यांतले काही स्वतःच्या खोक्यातही तोच माल विकतात. फक्त कोणताही सेट आला की व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावल्याशिवाय बसवायचा नाही. प्रत्येक प्लेट तीन जागी मोजा. शेवटी सगळ्या प्लेटांची थप्पी करून एकूण उंची मोजा. थप्पी बुटकी झाली की स्प्रिंगांवरचा दाबही कमी होतो, म्हणून जुन्या क्लचचं स्लिप एकदा सुरू झालं की झपाट्याने वाढतं. थप्पी जास्त उंच झाली तर लिव्हर जड होतो आणि केबलचा हिशोब बिघडतो.

प्रतिसाद (कोल्हापूर)

वरच्या साहेबांनी माझं काम सोपं केलं. आता करायचं कसं ते सांगतो.

जाड काच घ्या, शोकेसची असते तशी. स्टीलची प्लेट त्यावर ठेवून कडेने बोट दाबत फिरा. टकटक डुलली तर तिथेच बाद. डुलली नाही तरी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) कडेखाली सारून बघा. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ०.२ ते ०.३ मिमीची मर्यादा दिलेली असते, मी मात्र निळी पडलेली प्लेट मोजत बसत नाही, बदलतो. दोन्ही बाजू तपासा. आणि या प्लेटा प्रेसवर कापलेल्या असतात, एका अंगाची कड गोलसर आणि दुसऱ्या अंगाची धारदार लागते. बसवताना सगळ्यांची धार एकाच दिशेला ठेवा.

हाउसिंग बाहेर काढा आणि उजेडात धरून बोटं बघा. प्लेटांचे कान वर्षानुवर्षं तिथे आपटून ॲल्युमिनियमला पायऱ्या पाडतात. क्लच दाबला की प्लेट सरकायच्या ऐवजी त्या पायरीत अडकून बसते. खुणा बारीक असतील तर सपाट बारीक कानशीने हलक्या हाताने उतरवा, दर बोटाला मोजून सारखेच हात मारा, आणि नंतर डिझेलने धुऊन काढा, कीस आत राहता कामा नये. नख अडकून थांबण्याइतक्या खोल असतील तर कानस लावू नका. जितकं घासाल तितकी कानाभोवतीची जागा वाढते आणि गाडी रेस देता-सोडताना झटके मारते. मग हाउसिंगच बदलायचं.

मधल्या नटासाठी दातांत काही अडकवू नका, दाताचा कपचा उडाला तर खर्च वेगळ्याच ठिकाणी जाईल. गाडी वरच्या गिअरला टाका, मागचा ब्रेक कुणाला तरी दाबून धरायला सांगा, मग लांब दांड्याची गोटी (सॉकेट पाना) लावा. नटाखालचा वॉशर ज्या तोंडाने निघतो त्याच तोंडाने परत गेला पाहिजे, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पॅकिंग दुसऱ्यांदा वापरू नका. ब्लेडने खरवडताना कव्हरचा काठ जपा. कव्हरच्या डॉवेल पिना (कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या) दोन्ही जागेवर आहेत हे बघूनच कव्हर लावा, त्यातली एक खाली पडून ट्रेमध्ये राहते आणि मग आठवडाभर ऑइल गळत राहतं.

प्रतिसाद (मडगाव)

केबलचं एक राहिलं. नवीन केबल टाकलीय का? जुनी केबल आतून तुटायला लागली की लिव्हर पूर्ण दाबूनही खालचा आर्म कमी फिरतो. उघडण्याआधी आर्म किती हलतो ते बघून घ्या, फुकटात होतं.

धागाकर्ता

मडगावकर, तुमचं वाचल्यावर लगेच बघितलं. केबल हँडलजवळच्या टोकाला दोन तारा तुटलेली निघाली. वाईतच नवी मिळाली, टाकली. उडी थोडी कमी झाली, पण न्यूट्रलचा त्रास तसाच. म्हणजे काम उघडायचंच आहे. रविवारी करतो आणि लिहितो.

धागाकर्ता (रविवार, रात्री)

उघडली. जसं दिसलं तसं लिहितो.

काच आजीच्या देव्हाऱ्याच्या जुन्या कपाटाची मिळाली. स्टीलच्या प्लेटांपैकी दोन तिच्यावर सरळ डुलल्या. तिसरी डुलत नव्हती, पण एका बाजूला ०.२५ची पाती आरामात आत गेली. याच प्लेटा मागच्या रविवारी मी पॉलिश पेपरने चमकवून, समाधानाने परत बसवल्या होत्या. एक काच हाताशी असती तर कळलं असतं.

हाउसिंगच्या खुणा बारीक निघाल्या, नख अडखळायचं पण थांबायचं नाही. बोटाच्या प्रत्येक बाजूला सहा हात, मोजून. वडील शेजारी खुर्ची टाकून बसले होते, तेच मोजत होते.

नवीन स्टील प्लेटा या वेळी कंपनीच्या मागवल्या होत्या, फ्रिक्शन प्लेटा बाहेरच्याच ठेवल्या. व्हर्निअर शाळेच्या प्रयोगशाळेतून विचारून आणला. फ्रिक्शन प्लेटा एकमेकींत ०.०५च्या आत निघाल्या, तेव्हा दुकानदाराला आणि मेकला दोष देण्यात अर्थ नाही, माल ठीक होता. संपूर्ण थप्पीही मोजून वहीत लिहून ठेवली, पुढच्या वेळी किती झिजली ते कळेल.

एकच अडचण आली. ब्रेक धरूनही मधला नट हलेना, चाक घसरत होतं. शेवटी वडील गाडीवर बसले, मागचं चाक जमिनीवर दाबलं गेलं, आणि सुटला.

संध्याकाळी अंगणात गाडी सुरू केली, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. आवाज आला, पण गाडी जागची हलली नाही. मग दोनदा घाट चढून आलो. वर पोचल्यावर, गाडी चांगली तापलेली असताना, उभ्या जागी न्यूट्रल पहिल्या खेपेला लागला. मी तो चार वेळा काढून पुन्हा लावून बघितला.

एक शंका उरलीय. लिव्हर सोडलेला असताना न्यूट्रलमध्ये उजवीकडून बारीक खुळखुळ ऐकू येते, क्लच दाबला की थांबते. ही काळजीची गोष्ट आहे का? आणि फ्री प्ले आता किती ठेवू?

प्रतिसाद (कोल्हापूर)

शाब्बास दादा. वडिलांना नमस्कार सांगा.

खुळखुळ थोडी असतेच, ७१ हजार झालेल्या हाउसिंगमध्ये दातांचा आणि मागच्या रबरांचा खेळ वाढलेला असतो. आवाज वाढत गेला किंवा रेस वाढवली तरी जात नसेल तर दाखवा, नाहीतर राहू दे.

फ्री प्ले लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिमी. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, एका बाजूला संपत असेल तर केबलचा रस्ता चुकलाय. नव्या प्लेटा बसतात तसा फ्री प्ले कमी होत जातो, म्हणून २०० किमीला पुन्हा मोजा. तो शून्य झाला की क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि स्लिप परत सुरू. घाटात लिव्हरवर बोटं ठेवून चालवायची सवय असेल तर ती सोडा. आणि हे ऑइल ५०० किमीला काढून टाका, नव्या प्लेटांचा आणि कानशीचा जो काही कण राहिला असेल तो त्याबरोबर जाईल.

धागाकर्ता

बोटं ठेवायची सवय आहे, खरं आहे. आजपासून बंद. १८४ किमी झालेत, परवा सकाळी थंड गाडीवर फ्री प्ले मोजतो आणि इथेच आकडा टाकतो.